कोळी, जाळं आणि आठवी मात्रा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगर भागात घरीच गायनवर्ग घेणाऱ्या एका ताईंकडे ५ ते ८ वर्षांची १४ मुलं येतात, आठवड्यातून दोनदा, ४५-४५ मिनिटं. पावसाळ्यात सहा आठवडे 'कोळी' हा विषय धरून गाणी आणि गोष्टी करायच्या आहेत. शाळेत शिकलेलं बोटांचं इंग्रजी गाणं मुलं एकदा म्हणतात, त्यापुढे नुसता दंगा होतो. दोन मुली कोळ्याला घाबरतात. आणि एवढं करून संगीत काय शिकवलं, असं पालक विचारतात.

आधी दंग्याचं बघू. कोळी म्हटलं की आपण वर्गात लगेच चढणं, पळणं, गुदगुल्या घेतो. मुलं मनापासून चढतात, पळतात, आणि त्यांना परत जागेवर बसवण्यात दहा मिनिटं जातात. जाळं विणणारा खरा कोळी मात्र बहुतेक वेळ हलतच नाही. जाळ्याच्या मध्यावर किंवा कडेला बसून तो पायांनी ऐकत असतो. आपल्यासारखे कान त्याला नाहीत. पायांवरचे बारीक केस आणि सांध्याजवळच्या सूक्ष्म चिरा यांतून त्याला कंपनं कळतात. ओळीने असलेल्या या चिरांच्या अवयवाला प्राणिशास्त्रात लायर या जुन्या तंतुवाद्यावरून नाव दिलं आहे. जाळ्यात पडलेली शिकार निपचित राहिली, तर कोळी धागे छेडून बघतो आणि परत येणाऱ्या कंपनावरून तिची जागा ओळखतो. तार छेडून ऐकणारा प्राणी! गायनवर्गाला याहून जवळचा कोण असणार? तेव्हा हे सहा आठवडे कोळी 'ऐकणारा' म्हणूनच वर्गात आणा. दंगा निम्मा तिथेच ओसरतो, कारण मुलांना बसायला कारण मिळतं.

पहिल्या आठवड्यात एकच छोटं गाणं पुरे. चार ओळी, केहरवा ताल, प्रत्येक ओळ आठ मात्रांची (ठोक्यांची):

कोळी बसला जाळ्यावर
पाय ठेवले तारेवर
तार हलली कोणाची
माशी, पान की वाऱ्याची

मात्रा अशा पडतात: को, ळी, बस, ला, जा, ळ्या, वर, आणि आठवी रिकामी. चारही ओळींत आठवी मात्रा रिकामीच आहे, आणि हे गाणं घ्यायचं ते तिच्यासाठी. कोळी ऐकतो तो त्या मात्रेत. तिसऱ्या ओळीत 'हलली'नंतर चौथी मात्राही मोकळी सुटते.

सुरावट भूप रागाच्या स्वरांत (सा रे ग प ध) ठेवा. म आणि नी नसल्यामुळे लहान मुलांचा गळा जिथे डळमळतो ते अर्ध्या स्वराचं अंतर येत नाही. पहिली ओळ: सा रे ग ग, प प ग –. दुसरी: ग ग रे रे, ग रे सा –. तिसरी: सा रे ग –, प ध प –. चौथी: प ग रे ग, रे रे सा –. पाच वर्षांच्या मुलांना 'कोणाची'तला ध जड गेला तर तिथे प प प घ्या, गाण्याचं काही बिघडत नाही.

सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा? इथेच सर्वांत जास्त चुकतं. बाईंचा आवाज काळी चार-पाचला बसतो, म्हणून त्या तिथेच गातात. मुलं खाली पोचत नाहीत, मग गुरगुरतात किंवा बोलल्यासारखं म्हणतात, आणि 'या मुलाला सूर नाही' असा शिक्का बसतो. या वयाचा सोयीचा पल्ला पेटीवर मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून वर पाच-सहा स्वरांचा असतो. सा पांढरी दोनवर धरा, फार तर काळी दोनवर. तुम्हाला तिथे गाणं थोडं अवघड जाईल, पण तंबोरा तिथे लावून तुम्ही हलक्या आवाजात म्हटलंत तरी चालतं. पेटीवर संपूर्ण चाल वाजवत राहू नका. पेटी चाल सांगायला लागली की मुलं स्वतःचा आवाज ऐकायचं सोडतात. सा-प धरून ठेवा, बस्स.

लय मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास असावी. म्हणजे एक ओळ सहा सेकंदांत होते आणि पाच वर्षांच्या मुलाचा श्वास पुरतो. ६० वर उतरलात तर ओळ आठ सेकंदांची होते, आणि श्वास मध्येच 'जाळ्या' आणि 'वर' यांच्यात तुटतो. रिकाम्या मात्रेवर मुलं घाई करतात, पुढची ओळ आधीच सुरू होते. ती भरायला टाळी, 'हं' किंवा चुटकी देण्याचा मोह होईल. देऊ नका. त्याऐवजी बोटांचा कोळी वापरा.

दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांत अडकवले की उरलेली आठ बोटं म्हणजे आठ पाय. उजव्या हाताची चार बोटं मांडीवर किंवा सतरंजीवर एकेक टेकवताना तबल्याचे बोल 'धा गे ना ती', डाव्या हाताची चार टेकवताना 'न क धी ना'. केहरव्याची सम (सुरुवातीचा ठोका) पहिल्या मात्रेला आणि खाली (टाळी न देण्याचा ठोका) पाचव्या मात्रेला असते, आणि नेमका तिथेच हात बदलतो, त्यामुळे सम-खाली वेगळी समजावावी लागत नाही. शब्द म्हणताना आठवं बोट, म्हणजे डाव्या हाताची करंगळी, जमिनीला टेकवायची नाही, हवेत उचलून धरायची. कोळ्याचा आठवा पाय ऐकतोय. मुलांचे डोळे त्या करंगळीकडे लागतात आणि मात्रा पूर्ण मोजली जाते. श्वासही तिथेच घेतला जातो, पण श्वासाचा आवाज आला तर 'माशीला कळलं' एवढंच म्हणा. पाच वर्षांच्या मुलांची अनामिका आणि करंगळी अजून वेगवेगळी हलत नाहीत. ती दोन बोटं एकत्र पडतात आणि सात मात्रांचा केहरवा होतो. अशा मुलांना बोटं न मोजता उजवा तळवा चारदा, डावा तीनदा टेकवू द्या आणि आठव्याला डावा हात उचलायला सांगा.

दुसऱ्या आठवड्यात दोऱ्यांचं जाळं करा. साहित्य: ३ मिलिमीटर जाडीची सुती दोरी, २ मीटरचे ८ तुकडे, आणि एक स्टीलचं कडं. काचेची बांगडी नको. लोकर दिसायला छान, पण ती ताणली जाते आणि कंपन मध्येच जिरवते. सुतळी बोटांना टोचते. तंगूस (नायलॉनचा धागा) किंवा संक्रांतीचा उरलेला मांजा, अगदी साधा असला तरी, या खेळात अजिबात आणायचा नाही. ताणलेल्या बारीक धाग्याने बोट कापतं. आठही तुकड्यांचं एक टोक कड्याला दुहेरी गाठीने बांधा, आठ मुलं गोलात बसून दुसरं टोक धरतील. मध्ये बसलेलं नववं मूल डोळे मिटून कडं दोन्ही हातांनी हलकं धरेल. उरलेली पाच मुलं म्हणजे वारा आणि गायक.

आता कोणीतरी एकजण आपल्या दोरीला टिचकी मारतो. ओढायचं नाही, टिचकीच. एक टिचकी म्हणजे पान पडलं. लागोपाठ चार म्हणजे माशी. सगळ्यांनी मिळून सावकाश डुलवलं तर वारा. मधला कोळी बोलून सांगत नाही, गाऊन सांगतो: माशी असेल तर 'सा रे ग', वारा असेल तर सा वर मिटल्या ओठांनी गुंजन, पान असेल तर गप्प. गप्प बसणं हे तिन्हींतलं सर्वांत कठीण उत्तर आहे, त्यालाच सर्वांत जास्त दाद द्या. खेळ फसतो तो बहुतेक वेळा ताणामुळे. एक मूल जोरात ओढतं, कडं त्याच्याकडे सरकतं, समोरच्या दोऱ्या सैल पडतात आणि सैल दोरीतून काहीच पोचत नाही. 'दोरीला पोट येणार नाही इतकंच ओढा' ही सूचना मुलांना कळते. प्रत्येकाला मध्ये बसायला एकदाच मिळालं तरी १४ मुलांना वीस-बावीस मिनिटं लागतात, तेव्हा खेळ वर्गाच्या दोन दिवसांत वाटून घ्या.

नंतर तेच कानांवर आणा. दोऱ्या ठेवून द्या. तबल्यावर किंवा डब्यावर 'ना' म्हणजे माशी, 'गे' म्हणजे पान. डोळे मिटून ओळखायचं. मग दोन्ही मिसळा, मग केहरव्याच्या ठेक्यात लपवा. तबल्याचे बोल कानाने वेगळे करणं ही पुढे वर्षानुवर्षं लागणारी गोष्ट आहे. पालकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं.

वर्गात खरा तंबोरा असेल तर तिसऱ्या आठवड्याचा एक तास त्याच्यासाठी ठेवा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर हे होत नाही. मुलांनी दोन-दोनच्या जोडीने भोपळ्याला तळहात लावायचा, तुम्ही तारा छेडायच्या. कोणती तार हातात जास्त घुमते हे त्यांना लगेच कळतं. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची. मग घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बोलवा आणि तारेखालचा दोरा दाखवा. तो बाजूला काढा, तार छेडा: आवाज येतो, पण बोथट. दोरा पुन्हा तारेखाली सरकवा, केसाएवढा पुढे-मागे करा, आणि एका जागी आवाज एकदम उघडतो, त्यात झणझण भरते. ही जवारी. एवढ्याशा दोऱ्याने एवढा फरक पडतो हे ऐकताना मुलं गप्प होतात, तेव्हा लगेच बोलू नका. मिरजेत हे तंबोरे घडवतात, एवढी माहिती नंतर दिली तरी चालेल.

घरी करायचं वाद्य म्हणून रबरबँडचं जाळं सुचवतात, त्यातली खोच सांगते. रबर नुसतं दोन हातांत धरून ताणलं तर ताण वाढतो, पण लांबीही वाढते, त्यामुळे सूर फारसा बदलत नाही आणि मूल गोंधळतं. ते उघड्या स्टीलच्या डब्यावर चढवा, म्हणजे वाजणारी लांबी कायम राहते. मग एकाच लांबीची जाड आणि पातळ रबरं वेगळी वाजतात, जास्त ताणलेलं उंच वाजतं. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका चौथ्या रबराला आत वाकतो, म्हणून डबाच बरा.

गोष्टींकडे येऊ. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस गुहेत लपला होता आणि पुन्हापुन्हा पडणाऱ्या कोळ्याकडे बघून त्याला धीर आला, ही गोष्ट आपल्याकडे आजी-आजोबांनाही ठाऊक असते. तिचा प्रसार स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने १८२८ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून झाला. ती घडलीच असं मुलांना सांगू नका, 'सांगतात' म्हणा. संगीतासाठी ती अमोल आहे, कारण नेहमीच्या सांगण्यात कोळी सहा वेळा पडतो आणि सातव्यांदा पोचतो. आता हा अलंकार, म्हणजे सरावाची स्वररचना, बघा: सारेसा, सारेगरेसा, सारेगमगरेसा. पहिल्या प्रयत्नात कोळी रे पर्यंत जातो, दुसऱ्यात ग, मग म, प, ध, नी, आणि सातव्या प्रयत्नात थेट तार सा, म्हणजे वरचा सा. गोष्ट आणि सप्तक एकाच वेळी पूर्ण होतं! इथे सा पांढरी एकवर उतरवा, म्हणजे वरचा सा मुलांच्या आवाक्यात राहील. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी प पर्यंतचे चार प्रयत्न करावेत, पुढचे तीन मोठ्यांचे.

यात दोन गोष्टी बिघडतात. वर जाताना मुलं ओरडतात. त्यांना सांगा, कोळी जितका वर जाईल तितका लहान दिसतो, म्हणून आवाजही लहान होत जाईल. वरचे स्वर हलके लागले की सुरात लागतात. दुसरं, पडताना मुलं 'आऽऽ' करून घसरगुंडी करतात. खरा कोळी तसा कोसळत नाही. तो चालताना मागे एक धागा सोडत जातो आणि घसरला तर त्या धाग्याला लटकतो. म्हणून अवरोह पायरी पायरीनेच. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) शिकवायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या निमित्ताने. गोष्ट सांगताना राजाचा भाग दोन मिनिटांत उरका. नीतीपाठ तर नकोच, सातव्या प्रयत्नात तार सा लागल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पुरे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात आनान्सीची गोष्ट घ्या. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात अकान लोकांच्या भाषेत आनान्से म्हणजे कोळी, आणि त्यांच्या कथांचा चतुर नायकही तोच. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. त्या हव्यात तर गांधीलमाशा, अजगर आणि बिबट्या पकडून आण, अशी अट त्याने घातली. पाऊस आल्याची बतावणी करून कोळी गांधीलमाशांना भोपळ्यात शिरायला लावतो, तू काठीहून लांब की आखूड असं म्हणत अजगराला काठीला बांधतो, बिबट्याला खड्ड्यात पाडतो. बिबट्या नाशिकच्या मुलांना बातम्यांमधूनही ओळखीचा असतो, तिथे वर्ग कान टवकारतो. या कथा सांगताना मध्येच श्रोते गाणं उचलतात, ही तिथली रीत. आपल्याकडे कीर्तनात बुवा थांबतात आणि टाळकरी चाल धरतात, तसंच. म्हणून एक पालुपद ठरवा: तुम्ही 'कोण आलं?' सा वरून प वर, मुलं 'आठपाय्या!' प वरून सा वर. गांधीलमाशांना मिटल्या ओठांचं गुंजन, अजगराला एका श्वासातला लांब सा (मोजा, दहा सेकंद झाले तर उत्तम), बिबट्याला अगदी हलकी केहरव्याची पावलं. पालुपद चार ते सहा वेळाच यावं. त्याहून जास्त झालं की मुलं गोष्टीची वाट बघतात आणि गाणं ओढाताणीचं होतं.

'आठपाय्या' हा शब्द मुद्दाम सुचवला आहे. मराठीत कोळी म्हणजे जाळं विणणाराही आणि जाळं टाकणाराही. शिवाय कोळी आडनावाची मुलं असतात, त्र्यंबक-इगतपुरी-दिंडोरी पट्ट्यात महादेव कोळी समाज मोठा आहे. वर्गात असं मूल असेल तर पहिल्याच दिवशी कोणीतरी चिडवतं, आणि ते मूल पुढे गातच नाही. तेव्हा पहिल्या ओळीत 'कोळी बसला'च्या जागी 'आठपाय्या' म्हणा: आठ, पा, य्या, आणि चौथी मात्रा मोकळी. मात्रांचा हिशेब बिघडत नाही. कोळीगीतं या सहा आठवड्यांत मिसळू नका. तो समुद्राकाठचा वेगळा ठेवा आहे, त्याला स्वतंत्र महिना द्या.

घाबरणाऱ्या दोन मुलींसाठी: रबरी कोळी, अचानक दाखवलेली चित्रं, अंगावर बोटं चालवणं, सगळं बंद. स्वतःची बोटं स्वतःच्या मांडीवर, एवढाच कोळी. दोऱ्यांच्या खेळात त्यांना मध्ये बसवू नका, टिचकी मारणाऱ्यांत ठेवा. टिचकीवर ताबा त्यांचा असला की भीती हलकी होते. डोळे मिटायला नको म्हणाल्या तर खाली बघू द्या.

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सकाळी कुंपणावर जाळी दिसतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या वनोद्यानात किंवा सोसायटीच्या बागेत एक सकाळ जा. पाण्याच्या फवाऱ्याने जाळं हलकं भिजवलं की प्रत्येक धागा दिसतो. हात लावायचा नाही. मध्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढणारा कोळी भेटला तर नशीब. तो आठ पाय जोडी-जोडीने ठेवून फुलीसारखा बसतो, लांबून चारच पाय वाटतात. परत येऊन तेच बोटांवर करा: दोन-दोन बोटं जोडून चार ठोके, मग सुटी करून त्याच वेळात आठ. दुगुण समजावायला याहून सोपं चित्र नाही. द्राक्षबागेत मात्र मुलांना नेऊ नका, ऑक्टोबर छाटणीनंतर तिथे फवारण्या सुरू असतात.

सहाव्या आठवड्यात पालकांसमोर म्हणायचं असेल तर जादा पाय शिवलेले पोशाख टाळा. ते पाय मंजिरीत (छोट्या टाळांत) अडकतात आणि आठ बोटं दिसतच नाहीत. कॅराओके ट्रॅकही नको, त्यांची पट्टी मुलांची नसते. आठवी मात्रा पालकांनाही ऐकू द्या: पहिल्यांदा मुलं म्हणतील, दुसऱ्यांदा पालक, आणि करंगळी सगळ्यांची वर.

प्रत्येक तासाचा शेवट दोरी गुंडाळून करा. जाळं विणणारे कितीतरी कोळी जुनं जाळं गिळून टाकतात आणि नवं विणतात. एकनाथी भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी आहे तो यासाठीच, स्वतःतून धागा काढतो आणि परत स्वतःत घेतो. मुलं आपापली दोरी कड्यावर गुंडाळत तुमच्याकडे येतील, प ग रे सा हळूहळू गात. शेवटची दोरी कड्यावर बसेपर्यंत सा धरून ठेवायचा, आणि मग आठ मात्रा कोणीच काही म्हणायचं नाही.